नुहादच्या दिवाणखान्यातले चोवीस दिवे

मुअल्लिम बहीजने ज्याच्या छताला भोकं पाडली नाहीत असं एक खातंपितं घर सैदा शहरात शोधून दाखवा, मी हरलो. लढाई संपली तशी लोकांना घरं सजवायची हौस सुटली. पंधरा वर्षं तळघरात मेणबत्तीवर काढलेली माणसं ती, त्यांना उजेडाची भूक होती. एक बल्ब, एक झुंबर यावर कुणाचं भागेना. फॉल्स सीलिंग करायचं, त्यात वितीवितीवर गोल भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात हॅलोजनचा एक छोटा दिवा बसवायचा, अशी टूम निघाली. एकेक दिवा पन्नास वॅटचा. पण तेव्हा वॅट कोण मोजत होतं? मुअल्लिम म्हणजे हातात कसब असलेला उस्ताद, आणि ही पदवी बहीजला पस्तिशीतच मिळाली ती या भोकांमुळे. त्याचं भोक पाटीवर पेन्सिलीने काढल्यासारखं गोल असायचं. इतरांच्या भोकांना कडेला टवके उडालेले असत, ते झाकायला मग रुंद कडं लावावं लागे. बहीजला असली झाकपाक खपत नसे.

स्वतःच्या घरी त्याने त्र्याण्णव साली दिवे बसवले. पाचव्या मजल्यावरचं घर. लेक लमीस तेव्हा दोन वर्षांची, शिडीच्या पहिल्या पायरीवर बसून पावाचा तुकडा चघळायची. शुक्रवारच्या सुट्टीत काम करायचं, बाकी दिवस लोकांची कामं, असं करत चार महिने लागले. दिवाणखान्यात चोवीस दिवे झाले, बारा-बाराच्या दोन रांगा आणि दोन बटणं. ज्या संध्याकाळी दोन्ही बटणं पहिल्यांदा दाबली, त्या संध्याकाळी समोरच्या इमारतीतली माणसं गच्चीत येऊन बघत उभी राहिली. नुहाद, त्याची बायको, मधोमध खुर्ची टाकून बसली आणि तिने हातआरसा मागवला.

"तुझ्या उजेडात मी बरी दिसते रे," ती म्हणाली.

"अंधारातही बरीच दिसतेस."

"अंधारात तुला डोंबल दिसतंय."

पुढे तीस वर्षं तो दिवाणखाना नुहादने जपला. कसा जपला ते विचारू नका. सोफ्यांवर चादरी, खिडक्यांना दुहेरी पडदे, दाराला कुलूप आणि चावी तिच्याकडे. घरची माणसं स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसायची, दिवाणखाना पाहुण्यांचा. पाहुणा आला की कुलूप निघायचं, चादरी उडायच्या, चोवीसच्या चोवीस दिवे लागायचे. मग तो पाहुणा लमीसला बघायला आलेला असो की मीटर वाचायला. अर्धे दिवे लावून माणसाला बसवणं म्हणजे त्याला अर्धा कप कॉफी दिल्यातली गत, असं ती म्हणायची. सैद्यात बहुतेक बायकांचं हेच म्हणणं, पण नुहाद जरा जास्तच.

आणि मग देशाची वीज गेली. सरकारी वीज दिवसातून दोन तास, कधी तेवढीही नाही. बाकीचा वेळ गल्लीतल्या हुस्नीच्या जनरेटरवर. हुस्नी प्रत्येक घराला पाच अँपिअर देई. त्याहून एक दिवा जास्त लागला की खाली जिन्यापाशी जाळीच्या पेटीतला त्या घराचा स्विच खाडकन पडायचा, आणि कुणीतरी पाच मजले उतरून तो वर करायचा. पाच अँपिअरमध्ये फ्रिज चालवा, पंखा चालवा, मोबाईल चार्ज करा. यात पन्नास-पन्नास वॅटचे चोवीस दिवे कुठे बसवणार? त्यांनाच साडेपाच अँपिअर लागतात.

सगळ्या शहराचं घोडं इथेच अडलं. ज्यांच्या घरी बहीजने हौसेने दिवे बसवले होते, तेच आता त्याला ते काढायला बोलावू लागले. हॅलोजन काढायचा, त्याचा वरचा ट्रान्सफॉर्मर काढायचा आणि त्या जागी पाच वॅटचा एलईडी बसवायचा. दिवसाला दोन-दोन घरं. लोक चेष्टा करायचे.

"मुअल्लिम, खाज तुम्हीच लावली, आता मलमही तुम्हीच विका."

"मलमाला खाजेपेक्षा बरी गिऱ्हाइकं आहेत," तो म्हणायचा आणि शिडी चढायचा. गुडघा कुरकुरायचा, पण हात अजून स्थिर होता.

त्याच्या स्वतःच्या घरी मात्र हॅलोजनच. बाजारात एलईडी मिळायचे ते फक्त पांढरे. तीन दुकानं पालथी घातली, पिवळा नाही. दुकानदार म्हणाले, पाच वॅटमध्ये लख्ख दिसलं पाहिजे असंच लोक मागतात, पिवळा ठेवून आम्ही काय करू. नुहादने तो पांढरा उजेड तिसऱ्या मजल्यावरच्या, हज करून आलेल्या हाज्जे खैरियाच्या घरी पाहिला आणि परत येऊन निक्षून सांगितलं, "माझ्या दिवाणखान्यात शवागाराचा उजेड आणायचा नाही. मी मेल्यावर काय तो लाव."

बहीजने वाद घातला नाही. खरं सांगायचं तर त्यालाही ते दिवे काढायचे नव्हते. आयुष्यात स्वतःसाठी म्हणून केलेलं ते एकच काम. त्याने फक्त कुवेतला लमीसला फोन केला. ती तिथे शाळेत शिकवायची. "एलईडी दिवे, दोन पिनांचे, पाच वॅट, दोनशे वीसवर चालणारे, आणि पिवळे. चोवीस आण. येशील तेव्हा आण, घाई नाही."

घाई नाही, हे तो स्वतःच म्हणाला. पुढे हा शब्द त्याला फार छळणार होता.

त्या हिवाळ्यात नुहादला धाप लागू लागली. आधी जिन्यात, मग ओट्यापाशी, मग नुसतं बोलतानाही. डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, यावर औषध नाही, ऑक्सिजन लावून दिवस ढकलायचे. घरी मशीन आलं. हवेतून ऑक्सिजन गाळून नळीतून नाकात सोडणारं, घरघर आवाज करणारं. वीज गेली तर म्हणून शेजारी एक छोटा सिलिंडर. बहीजने पहिल्याच दिवशी मशीनच्या वायरीला मीटरचा चिमटा लावून पाहिलं. दीड अँपिअर आणि वर थोडं. फ्रिजचा एक धरा. म्हणजे दिव्यांची एक रांग लावायची तर फ्रिज बंद. दोन रांगा लावायच्या, तर जमतच नाही.

आणि दिवे तर लावावेच लागणार होते. कारण आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आपल्याकडे माणूस आजारी पडला की त्याला एकटं ठेवत नाहीत, मग तो एकटेपणासाठी तडफडत का असेना. नातलग, शेजारी, जुन्या शेजाऱ्यांच्या सुना, कुणाच्या तरी लग्नात शेजारी बसलेली बाई. न कळवता यायचं, कारण कळवून आजाऱ्याकडे जाणं बरं दिसत नाही. दारावरची बेल वाजली की बहीज आधी स्वयंपाकघरात धावायचा आणि फ्रिजचा प्लग ओढायचा. मग दिवाणखान्याचं कुलूप काढायचा, एक बटण दाबायचा, मग दार उघडायचा. तोवर नुहाद पलंगावरून उठलेली असायची. केस विंचरायची, ओठांना थोडा रंग लावायची आणि लांब नळी मागे ओढत, भिंतीला धरत दिवाणखान्यात येऊन आपल्या खुर्चीत बसायची. खुर्ची बरोबर पिवळ्या झोताखाली.

"अल्ला करो, नजर न लागो, उम्म लमीस, चंद्रासारखी दिसतेस," हाज्जे खैरिया म्हणायची. उम्म लमीस म्हणजे लमीसची आई. सगळ्याच म्हणायच्या. आजाऱ्याला हेच म्हणायचं असतं. पण त्या उजेडात ते खोटंही वाटायचं नाही. बहीज कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभा राहून बघायचा आणि त्याच्या जिवाला बरं वाटायचं. गाल भरलेले, कांती सोनेरी. डॉक्टरांना काय कळतं, तो मनात म्हणायचा.

लमीसचा व्हिडिओ कॉलही नुहाद त्याच खुर्चीत बसून घ्यायची. नळी काढून ठेवायची, पाच मिनिटं बोलायची, हसायची. "मम्मा, तू तर माझ्याहून तरुण दिसतेस," लमीस म्हणायची. मग फोन ठेवून नुहाद अर्धा तास डोळे मिटून श्वास गोळा करत बसायची. बहीज म्हणायचा, "कशाला नळी काढतेस?" ती हातानेच गप्प बस म्हणून सांगायची.

मार्चमधल्या एका बुधवारी बहीजची भावजय सौसन आली. सौसन म्हणजे मनाची चांगली, पण हाताला स्वस्थता नाही. बहीज स्वयंपाकघरात कॉफी उकळत होता. सौसन दिवाणखान्यात बसली, वर पाहिलं, निम्मे दिवे बंद. नुहादला वाईट वाटत असेल म्हणून ती स्वतःच उठली.

"अगं, हा काय अंधार करून ठेवलाय," म्हणाली आणि दुसरं बटण दाबलं.

क्षणभर चोवीस दिवे लागले. मग सगळंच गेलं. मशीनची घरघर थांबली.

बहीजने धावत येऊन दुसरं बटण बंद केलं, नळी सिलिंडरला जोडली, चावी फिरवली आणि जिन्याकडे पळाला. सिलिंडरचा काटा बघायचा राहिला. त्या आठवड्यात स्विच तीनदा पडला होता, सिलिंडर तिन्ही वेळा वापरला होता, आणि तो भरून आणायचं काम त्याने शनिवारवर ढकललं होतं. चौसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्याने, पाच मजले तो कसा उतरला त्याचं त्यालाच माहीत. खाली जाळीच्या पेटीला कुलूप. किल्ली पहारेकऱ्याकडे. पहारेकरी पाव आणायला बेकरीत रांगेत. बहीजने जाळी दोन्ही हातांनी हलवून पाहिली, लाथा घातल्या. आयुष्यभर ज्याने घराघरात वीज नेली, तो माणूस एका स्विचपासून दोन विती अंतरावर उभा होता आणि हात पोचत नव्हता. पहारेकरी आला तोवर अकरा मिनिटं झाली होती.

तो वर पोचला तेव्हा सौसन रडत होती, नुहादच्या तोंडावर वर्तमानपत्राने वारा घालत होती. सिलिंडर मध्येच संपला होता, मशीन आत्ता कुठे पुन्हा सुरू झालं होतं. नुहाद वाचली. पण डोळे उघडायला तिला संध्याकाळ झाली, आणि त्या अकरा मिनिटांत तिच्यातलं जे काही गेलं ते परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीजने बाजारातून चोवीस पांढरे एलईडी आणले. नुहादला विचारलं नाही. ती झोपून होती. त्याने दिवाणखान्याचं दार आतून लावून घेतलं, शिडी उघडली आणि एकेक हॅलोजन ओढून काढायला लागला. रागाने काढत होता. दिव्यांवर राग, हुस्नीच्या पेटीवर राग आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. वर हात घातला तर त्याला धक्काच बसला. भोकांच्या कडा आतल्या बाजूने काळ्या पडल्या होत्या. वायरींवरचं आवरण बोट लावताच भुगा होऊन खाली पडत होतं. तीस वर्षं वर छतात हे सगळं तापून करपत होतं, आणि खाली पाहुणे बसून वाहवा करत होते. एखाद्या दिवशी आग लागली असती. किती घरांत आपण हेच करून ठेवलंय, या विचाराने तो शिडीवरच थोडा वेळ बसून राहिला. मग पकड घेतली आणि चोवीसच्या चोवीस ट्रान्सफॉर्मर कापून कचऱ्याच्या पोत्यात टाकले. हॅलोजनही टाकले, त्यातले बरेच पोत्यात फुटले.

संपलं तेव्हा त्याने मीटर लावून पाहिला. दोन्ही रांगा मिळून अर्धा अँपिअर. मशीन चालू, फ्रिज चालू, सगळे दिवे चालू, तरी दोन अँपिअर शिल्लक. आता कुणी कितीही बटणं दाबा. बहीजला किती दिवसांनी हसू आलं. नुहाद आधी चिडेल, मग समजेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर बेल वाजली. हाज्जे खैरिया होती, सौसन होती आणि सौसनच्या माहेरच्या दोन बायका. सौसन बुधवारपासून जेवली नव्हती म्हणे, माफी मागायला आली होती. बहीजने फ्रिजला हात लावला नाही. दोन्ही बटणं दाबली, बायकांना आत बसवलं आणि नुहादला आणायला गेला. तिने केस विंचरले होते, ओठ रंगवले होते. बहीजने तिला दंडाला धरून आणलं. उंबऱ्यावर तिने वर पाहिलं आणि तिचं पाऊल थबकलं. पण समोर चार बायका बसलेल्या. नुहाद पाहुण्यांसमोरून मागे फिरणारी बाई नव्हती. ती जाऊन आपल्या खुर्चीत बसली.

आणि बहीजने तिला पाहिलं.

ओठांवरच्या रंगाच्या कडेने ओठ निळे होते. नखं निळी होती. डोळ्यांखाली काळं, गालांची हाडं वर आलेली, गळ्यात दोन खड्डे. रोज तिच्याजवळ झोपणारा, तिला भरवणारा माणूस तो. पण झोपायच्या खोलीत दिवसभर पडदे ओढलेले, रात्री उशापाशी पिवळा दिवा, आणि तो तिला मन लावून बघायचा तो या दिवाणखान्यात. इथल्या उजेडावर त्याने विश्वास ठेवला होता.  कॉफी आणायचं तो विसरूनच गेला.

हाज्जे खैरियाने सवयीने तोंड उघडलं. "अल्ला करो, नजर न लागो, उम्म लमीस..." आणि पुढे तिला काही म्हणताच येईना. तिने मान खाली घातली. "अल्ला शिफा देवो, बरं करो," एवढंच पुटपुटली. सौसनने तर माफीही मागितली नाही, नुसती ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसली. एरवी दोनदा कॉफी होईस्तोवर न हलणाऱ्या बायका दहा मिनिटांत उठल्या. जाताना प्रत्येकीने नुहादला कवटाळलं, जरा जास्तच वेळ.

दार लागल्यावर नुहाद म्हणाली, "आज खैरिया चंद्र विसरली."

बहीज सोफ्यांवर चादरी टाकायला लागला.

"दिवे बंद कर आणि ये इथे. बस."

त्याने दिवे बंद केले. पडद्यांच्या फटीतून दुपारचं ऊन येत होतं, तेवढ्यात तो तिच्या पायांशी बसला.

"तुला वाटलं मला माहीत नव्हतं?" ती थांबत थांबत बोलत होती. "न्हाणीघरातल्या आरशावर पांढरी ट्यूब आहे. रोज सकाळी बघते मी. मग इथे येऊन बसायचे, तर इथे मी बरी असायचे. त्या बायका चंद्र म्हणायच्या. तू दारात उभा राहून बघायचास, तुझा चेहरा खुलायचा. तेवढ्यासाठी नको म्हणत होते रे."

"मला सांगायचं होतंस."

"तुला सांगितलं असतं तर तू लमीसला सांगितलं असतंस. तिने वर्षाच्या मध्येच शाळा सोडली असती. इतक्या मुश्किलीने लागलीय नोकरी." तिने श्वास घेतला. "जाऊ दे. जुने परत बसव."

"नाही बसवता येत. ट्रान्सफॉर्मर कापले मी. वायरी जळल्यात."

"सगळे?"

"सगळे."

नुहादने डोळे मिटले. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त त्याच्या केसांवरून हात फिरवला, आणि ते त्याला सहन झालं नाही. तो लहान पोरासारखा रडला.

त्याच संध्याकाळी त्याने जिन्यात उभं राहून लमीसला फोन लावला. "ये. लगेच ये."

"का बाबा? सोमवारी तर बोलले मी. किती छान दिसत होती."

"दिव्यांनी दिसत होती, पोरी. ती नाही."

 लमीसने रजेचं, परवानगीचं काय काय सांगितलं, आणि रात्री त्याने जिन्यातच तिचा फोन घेतला तेव्हा कळलं की तिकीट पुढच्या मंगळवारचं मिळालं. "तुमचे दिवे घेतलेत," ती म्हणाली, "चोवीस, पिवळे. महिन्यापूर्वीच घेऊन ठेवलेत. कुरिअरने पाठवणार होते, पण तुम्ही म्हणालात घाई नाही."

हे ऐकून बहीज पायरीवर बसला. महिनाभर ते दिवे कुवेतमध्ये तिच्या कपाटात पडून होते. किंवा दुसरं घ्या. हेच पांढरे दिवे त्याने हिवाळ्यातच लावले असते, तर त्याने तिला तेव्हाच पाहिलं असतं, लेकीला तेव्हाच बोलावलं असतं. कुठूनही धरलं तरी उशीर त्याचाच होता. नशिबाला बोल लावायची सोय नव्हती.

नुहादला त्याने सांगितलं, लमीस येतेय, पिवळे दिवे घेऊन. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिचा चेहरा हलका झाला. तेव्हापासून तिने व्हिडिओ कॉल घेतला नाही, नुसता आवाज. आणि बहीजला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावायची.

"ती आली की आधी दिवे लावायचे. मग तिला आत बोलवायचं. मी माझ्या खुर्चीत बसून भेटेन."

"चोवीस दिवे बदलायला अर्धा तास लागतो. दोन वर्षांनी आलेल्या पोरीला अर्धा तास बाहेर उभी करू?"

"उभी राहील. दोन वर्षं लांब राहिली, अर्ध्या तासाने काय होतंय."

"आणि मी शिडीवरून पडलो तर?"

"मग तुलाही भेटायला बायका येतील. चंद्र म्हणतील."

ती हसली, खोकली, आणि खोकला थांबायला फार वेळ लागला. बहीज दिवस मोजत होता. शनिवार, रविवार. सिलिंडर भरून आणला, आणखी एक उसना आणला. पेटीच्या कुलपाची दुसरी किल्ली हुस्नीकडून भांडून घेतली. वीज म्हणून जे जे चुकू शकतं ते सगळं त्याने बांधून घेतलं. त्या दिवसांत स्विच एकदाही पडला नाही.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला नुहाद गेली. मशीन चालू होतं, नळी नाकात होती, काटा जिथे हवा तिथे होता. बहीज तिला मोसंबीचा रस चमच्याने देत होता. तिसरा चमचा तिने घेतला नाही. मशीन पुढे बराच वेळ घरघरत राहिलं, बंद करायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी हाज्जे खैरियाने वाकून बटण दाबलं.

माती त्याच दिवशी दुपारी झाली, लेकीसाठी थांबता आलं नाही. संध्याकाळी बायका समाचाराला आल्या. बहीजने दिवाणखान्याची खिडकी उघडली, पण दिवे लावू दिले नाहीत. बायका अंधूक उजेडात कडू कॉफी पीत बसल्या.

मंगळवारी दुपारी लमीस आली. टॅक्सीतून बॅग घेऊन पाच मजले चढून, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. बापाच्या गळ्यात पडली. बऱ्याच वेळाने बहीजने तिला बाजूला केलं.

"दिवे कुठेत?"

तिने जिन्यातच बॅग उघडली. एकेक दिवा मोज्यात गुंडाळून आणला होता. चोवीस मोजे.

"इथे थांब," बहीज म्हणाला. "आत येऊ नकोस. आधी लावतो, मग ये."

सौसन घरातच होती. ती म्हणाली, "भावजी, काय हे. माती सुकली नाही अजून, आणि तुम्ही शिडी काढताय. लोक बघतील, काय म्हणतील?" तीन दिवस दुखवट्याच्या घरी कुणी खिळा ठोकत नाही, हे त्यालाही माहीत होतं. त्याने शिडी उघडली. हाज्जे खैरियाने सौसनला हाताने गप्प केलं आणि शिडी धरून उभी राहिली.

लमीस दाराबाहेर पायरीवर उभी होती. आईचा हुकूम बापाने तिला फोनवरच सांगितला होता, तेव्हा ती हसली होती. आता ती भिंतीला टेकून उभी होती, आणि आतून एकेक पांढरा दिवा फिरवून निघाल्याचा, एकेक पिवळा बसल्याचा टक टक आवाज ऐकत होती. पस्तीस मिनिटं लागली. 

मग त्याने दोन्ही बटणं दाबली. तोच उजेड आला. सोफे, पडदे, काचेचं टेबल, सगळं तीस वर्षांपूर्वीसारखं दिसायला लागलं. खैरियाच्या सुरकुत्या निवल्या, सौसनचे लाल डोळे दिसेनासे झाले. त्या उजेडात सगळ्यांच्या तब्येती उत्तम होत्या. खुर्ची आपल्या जागी होती, आणि तिच्यावरची चादर नुहादनेच घडी घालून बाजूला ठेवलेली.

"आता ये," बहीजने हाक मारली.

लमीस आत आली. खुर्चीजवळ गेली, बसली नाही, नुसता तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. समाचाराच्या बायका आल्या असणार. बहीज वळला आणि धावतच स्वयंपाकघरात गेला. गुडघा विसरून गेला. लमीस त्याच्या मागोमाग गेली, तर बाप वाकून फ्रिजचा प्लग ओढून हातात धरून उभा.

"बाबा, फ्रिज कशाला बंद केलात?"

"पाहुणे आलेत ना. दिवे लावलेत सगळे," तो म्हणाला. "स्विच पडेल. आईचं मशीन चालू आहे."

बेल पुन्हा वाजली.  बहीजने हातातल्या प्लगकडे पाहिलं, मग दारातून पलीकडच्या खोलीकडे पाहिलं. तिथून काहीच आवाज येत नव्हता. नवे दिवे अर्धा अँपिअर घेत होते. साडेचार अँपिअर उरत होते, आणि ते आता कुणालाच नको होते.

लमीसने त्याच्या हातातून प्लग काढून घेतला, पुन्हा लावला आणि दार उघडायला गेली.